शिवरंजनीची सुई

माझे सासरे बिराप्पामामा म्हणजे मेंढरांचे डॉक्टर, असं ते स्वतःच सांगतात. कोकराला ताप येवो की मेंढी लंगडो, पिशवीतून बाटली काढायची, टोचायची आणि ऐटीत पुढं चालायचं. त्यामुळं त्या दिवशी जे झालं, ते दुसऱ्या कुणाच्या घरात झालंच नसतं.

माझ्या शिवरंजनीला लहानपणी सांधे सुजून ताप आला होता. त्या तापानं तिच्या हृदयाची झडप खराब केली. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई घ्यायचीच, पुन्हा तसा ताप आला तर झडप आणखी बिघडेल, असं मोठ्या डॉक्टरांनी बजावलेलं. आणि नेमकी तीच सुई आरोग्य केंद्रात संपली. उमरग्यातली औषधाची दुकानं पालथी घातली. सगळीकडं एकच उत्तर, वरूनच माल नाही. तारीख उलटली तसा माझा जीव थाऱ्यावर राहीना.

मामा आम्हा दोघींना घेऊन केंद्रात गेले आणि पिशवीतली बाटली डॉक्टर वर्षाराणी मॅडमच्या टेबलावर ठेवली. "ह्ये बी पेनिसिलिनच हाय. टोचा."

"आबा, हे जनावरांचं औषध आहे. माणसांसाठी तपासलेलं नाही. मला देता येणार नाही."

"मेंढराला चालतं, मग पोरीला कामून न्हाय?"

मॅडम समजावत होत्या, पण मामा ऐकतील तर शपथ. शेवटी शिवरंजनीच पुढं झाली. दहावीतली पोर, पण हट्ट थेट आज्याचा. "आबा, ही म्या घेणार न्हाय. मला माझी सुई पायजे."

मामांनी बाटली पिशवीत टाकली. तरातरा निघूनही गेले. मला वाटलं, रुसले. पण परत आले ते अख्खा कळप घेऊन! केंद्राच्या अंगणात मेंढरं बसवली आणि दारात घोंगडी अंथरली. "मेंढरांची दवा बाजारात ढिगानं मिळती, माज्या नातीची मिळत न्हाय. ती येईस्तवर आमी इथंच."

लोक जमले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि खरं सांगते, अभिमानही वाटला. मॅडमनी कुणाला हाकललं नाही. उलट फोनवर फोन लावले आणि अंगणातली बें-बें वरच्या साहेबांना ऐकवली. दिवस कलायच्या आत एका दवाखान्यातून जीपनं बाटली आली. एकच.

ती सुई भयंकर दुखते, पण पोरीनं हूं की चूं केलं नाही. मामांनी घोंगडी खांद्यावर टाकली आणि कळपाला हाळी दिली.

तेवढ्यात लोहाऱ्याहून हमिदाबी आल्या, लेक यास्मिनचा हात धरून. तिलाही हाच आजार. इथं सुई आलीय, एवढंच त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

"एकच आली होती हो," मॅडम हळूच म्हणाल्या.

हमिदाबी पायरीवर मटकन बसल्या. मला त्यांच्याकडं बघवेना. शिवरंजनी लंगडतच बाहेर आली, आज्याच्या खांद्यावरची घोंगडी ओढली आणि पुन्हा दारात अंथरली.

"आबा, मेंढरं माघारी वळवा. हिची अजून न्हाय आली."

मामांनी डोळे पुसले. घोंगडीवर मांडी ठोकून बसले आणि मला म्हणाले,

"दीपाली, भाकरी इथंच घिऊन ये. ह्या मायलेकींची बी."