ताम्रपट आणि विळा

जामनेरचं सभागृह माणसांनी फुलून गेलं होतं. येशूचा एक शिष्य खानदेशात येऊन गेला, असं सांगणारा ताम्रपट आज भूपेंद्र सर जगापुढे मांडणार होते. रंगमंचामागच्या खोलीत त्यांनी योगेंद्रपुढे कागद सरकवला.

"पट अस्सल आहे, एवढं लिहून सही कर. दहा मिनिटं उरलीत."

योगेंद्रनं कागद वाचला, पण पेन उघडलं नाही. याच माणसानं त्याला घरी ठेवून एम.ए. केलं होतं. धुळ्याच्या कॉलेजात तो इतिहास शिकवत होता, तो यांच्याच पुण्याईनं. आणि सर तरी काय? चाळीस वर्षं उत्खननाच्या मातीत हात घातले, कुत्र्यानं विचारलं नाही. पिंपळनेरच्या बाजारात कुणी हा पत्रा गळ्यात मारला आणि टीव्हीवाले दारात! म्हातारपणी मोह पडला, कुणाला पडत नाही?

पण टेबलावरच्या पटाचा तो निळसर हिरवा रंग! शिरपूरला वडील केळीवर मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, आणि चुना यांचं पाणी फवारायचे. पेपरात पटाचा फोटो पाहिला, तेव्हाच योगेंद्रला आपले लहानपणचे डागाळलेले सदरे आठवले होते.

त्यानं पिशवीतून वडिलांचा विळा काढला.

"फोडतोस की काय?" सर ओरडले.

"नाही सर. नुसता कोपरा धुतो."

ओल्या कापसानं त्यानं कोपरा पुसला, कापूस वाटीभर पाण्यात पिळला आणि विळ्याचं टोक त्यात बुडवलं.

"तांब्याचा जुना हिरवा गंज पाण्यात विरघळत नाही. वरून फासलेला मोरचूद विरघळतो, आणि लोखंडावर तांबं चढतं. फवारणीआधी वडील असंच बघायचे. 'पातं लाल व्हयनं म्हंजे चुना कमी शे,' म्हणायचे."

बाहेर सरांचं नाव पुकारलं गेलं. दोघंही वाटीकडे बघत राहिले. माझंच चुकू दे रे देवा, योगेंद्र मनात विनवत होता.

पातं लाल झालं.

सरांनी ते अंगठ्यानं घासलं. अंगठाही लाल झाला.

"शंका घ्यायला मीच शिकवलं ना तुला?" ते पुटपुटले.

पुन्हा पुकारा झाला. सर उठले. ताम्रपट टेबलावरच राहिला. ते विळा घेऊन गेले. टाळ्यांचा कडकडाट झाला. योगेंद्र पडद्याआड उभा राहिला.

"मंडळी," सर म्हणाले, "केळीवर मोरचूद मारणारे इथं किती जण आहेत? त्यांनी पुढे यावं आणि हा विळा बघावा."