चावी भरलेलं घड्याळ

आमच्या गटाला मालक नव्हता, आणि त्याचा मला भारी अभिमान होता. वीस वर्षांपूर्वी कुणीतरी इंटरनेटवर तो सुरू केला. कुणी, ते आम्ही कधी विचारलंही नाही. नाव 'लंबक'. जुन्या चावीच्या घड्याळांचं वेड असलेली माणसं तिथे यायची आणि मनात येईल ते लिहायची. अर्ज नाही, परवानगी नाही, लिहिलेलं पुसणारा कुणी नाही. मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते, म्हणून तिथे माझं नाव पडलं कवळीबाई. मला त्याचं काही वाटलं नाही. मीही कुणाला सोडलेलं नाही.

तिथली पद्धत आधी सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं. कुणी प्रश्न विचारला की पहिला माणूस सुचेल ते लिहून मोकळा व्हायचा. अर्ध्या तासात दुसरा येऊन ते कसं चुकीचं आहे ते सांगायचा. यात मास्तर सगळ्यांत पुढे. हे गणिताचे निवृत्त मास्तर, दुसऱ्याच्या उत्तरावर लाल शाई मारल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. मग तिसरा येऊन त्या दोघांना वेड्यात काढायचा. संध्याकाळपर्यंत भांडून भांडून जे उरायचं, ते उत्तर पक्कं असायचं. त्यामुळे आम्ही कुणी पूर्ण लिहीतच नसू. अर्धं लिहायचं, बाकीचं भांडणातून भरून निघायचं. विचारणाराही शहाणा असायचा, धुरळा खाली बसेपर्यंत स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायचा नाही.

मग जाहिराती यायला लागल्या. आधी आठवड्याला एखादी, टक्कल घालवण्याची. पुढे रोज दहा, मग तासाला दहा. जुगार, वजन, आणि न विचारता शिव्या देऊन जाणारे काही रिकामटेकडे. चार वर्षांपूर्वी मास्तरांनी लिहिलं की आपल्यातल्याच एकाला साफसफाईचा अधिकार देऊ या, नको ते काढून टाकेल. मी भडकले. लिहिलं, "आपल्याला हवालदार नको. ज्यांना शिस्तीची हौस आहे त्यांनी शाळेत परत जावं." साठ जणांनी माझी बाजू घेतली. मास्तर त्याच दिवशी गेले आणि त्यांनी स्वतःचा बंद गट काढला, नियमांचा, अर्ज भरून आत जायचा. वर्षभरात ते साठही एकेक करून त्यांच्याकडे गेले. कुणी मला सांगून गेलं नाही. मी राहिले. हट्ट, दुसरं काय.

तरी रोज दुपारी डबा खाताना मी तिथे डोकावायचेच. आमचे हे म्हणायचे, "अगं, ओसाड घराला रोज कुलूप लावायला जातेस होय?" मी म्हणायचे, तुम्ही तुमचं बघा.

आणि त्या मंगळवारी जुगाराच्या दोन जाहिरातींच्या मध्ये मला खरा प्रश्न दिसला. अकरा महिन्यांतला पहिला. कुणी शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. भिंतीवरचं आठ दिवसांच्या चावीचं घड्याळ, ठोके देणारं. चावी पूर्ण भरलेली आहे, आणखी वळतच नाही, तरी घड्याळ बंद. दुरुस्त करणारा जवळपास कुणी उरलेला नाही. रविवारी लेक घरी असते, तिच्या मदतीने उघडून साफ करीन म्हणते, कसं करायचं ते कृपया सांगाल का. खाली सही नाही, नाव नाही.

मला इतका आनंद झाला की पोळीचा घास हातातच राहिला. तिथेच बसून पानभर लिहिलं. यंत्र लाकडी पेटीतून कसं काढायचं, दोन पितळी पत्र्यांमधली चाकं कशी असतात, स्क्रू कोणत्या क्रमाने सोडायचे, कोणतं चाक कुठून निघालं त्याचा फोटो कसा काढून ठेवायचा, तेल किती थोडं लावायचं. झकास लिहिलं. पाठवलं आणि सवयीने मास्तरांच्या लाल शाईची वाट बघायला लागले.

बुधवारी काही नाही. गुरुवारी काही नाही. मला करमेना. दर तासाला फोन काढून बघायचे. एका म्हाताऱ्या बाईंच्या कवळीचं मेण तापवत ठेवलं होतं, ते फोनच्या नादात उकळून वाया गेलं. लॅबचे डॉक्टर म्हणाले, "काय, लेकीचा निकाल आहे का?" मी म्हटलं, तसंच समजा. निदान "काय बरळलात बाई" एवढं तरी कुणी लिहावं ना.

शुक्रवारी संध्याकाळी घरी स्वतःचं एक घड्याळ साफ करायला घेतलं. पेटीतून काढलं, चावी लावली, स्प्रिंगला उलटं फिरू न देणारा खटका डाव्या अंगठ्याने दाबला आणि चावी मुठीत घट्ट धरून हळूहळू उलटी सोडायला लागले. स्प्रिंगमधला ताण उतरवल्याशिवाय यंत्र उघडायचं नसतं. वीस वर्षांत हे इतकं अंगवळणी पडलंय की घरात शिरताना चप्पल काढतो तसं हात आपोआप करतात. आणि स्प्रिंग अर्धी उतरलेली असताना लक्षात आलं. हे मी लिहिलंच नव्हतं.

एक शब्द नाही. स्क्रूचा क्रम लिहिला, तेलाचा थेंब लिहिला, आणि जे सगळ्यांत आधी करायचं तेच नाही. भरलेल्या स्प्रिंगचं यंत्र उघडलं तर चाकं उडतात आणि पोलादाची पट्टी चाबकासारखी बाहेर येते. इथे तर दोन स्प्रिंगा, एक चालायची, एक ठोक्यांची. आणि त्या बाईंनी स्वतः लिहिलं होतं की चावी पूर्ण भरलेली आहे. मी वाचलं होतं ते. हात शिवणकामाचे. डोळेही शिवणकामाचे.

मी धावत फोन घेतला. लिहिलेलं बदलायची सोय तिथे नाही, पुसायची नाही. तेच तर आमचं भूषण होतं. मी नवीन लिहिलं, "थांबा. उघडू नका. आधी स्प्रिंग उतरवायची," आणि कशी उतरवायची ते. पाठवलं. तिथे सगळं एकाच यादीत, नवं आलं की जुनं खाली सरकतं. जेवून परत पाहिलं तर माझं "थांबा" तिसऱ्या पानावर गेलं होतं. वर सगळा जुगार.

शनिवारी सकाळी लॅबमध्ये जाऊन बसले, पण हात चालेना. माझा निरोप आता सहाव्या पानावर होता. मी परत पाठवला. दहा मिनिटांनी परत. चार वेळा, पाच वेळा, सहा वेळा. सातव्या वेळी पडद्यावर आपोआप लाल पट्टी आली: एकच मजकूर वारंवार पाठवल्यामुळे तुम्हाला जाहिरातदार समजून चोवीस तास बंद करण्यात आले आहे. त्याच पट्टीच्या खाली वजन कमी करणाऱ्याची पंचेचाळिसावी जाहिरात आली. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण भांडणार कुणाशी? तिथे कुणी होतंच कुठे. तक्रार घ्यायला सुद्धा एक माणूस नको म्हणून मीच तर साठ जण गोळा केले होते.

त्या बाईंचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. मी लॅबच्या मागच्या जिन्यात जाऊन उभी राहिले, खाली आले, परत वर गेले. मग आठवलं, सात वर्षांपूर्वी मास्तरांनी मला एक पितळी चाक पाठवलं होतं, त्या पुडक्यावर त्यांचा नंबर होता. तो मी तेव्हाच उतरवून घेतला होता. हवालदार म्हटल्यावरही पुसला नव्हता.

"कोण?" मास्तर म्हणाले.

"कवळीबाई."

मग म्हणाले, "बोला. शाळेतच आहे मी."

हे टोमणे ऐकायला एरवी मी बसले नसते. म्हटलं, "मास्तर, नंतर हवं तेवढं बोला, मी ऐकून घेईन. माझ्याकडून चूक झालीय." आणि सगळं सांगितलं.

त्यांनी विचारलं, "शिवणकाम करणाऱ्या? आठ दिवसांचं, ठोक्यांचं?"

"हो. तुम्ही वाचलंत का?"

"तिकडे मी जात नाही. त्या आधी माझ्याकडे आल्या होत्या." कागद चाळल्याचा आवाज आला. हा माणूस अर्ज छापून फायलीत लावतो. "सोमवारचा अर्ज आहे. मी नामंजूर केला. नियम चौथा, घड्याळाच्या आतल्या यंत्राचा फोटो जोडावा. त्यांनी जोडला नव्हता."

"अहो, आतला फोटो जोडायला आधी उघडायला नको का?"

वीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांची चूक काढली होती आणि मला त्याचा काडीइतकाही आनंद झाला नाही.

"अर्जात नंबर आहे?" मी विचारलं.

"आहे. पण कुणाचा नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही, हा नियम..." ते थांबले. "मीच लावतो. तुम्ही फोनवर राहा, तुम्हाला जोडून घेतो."

घंटा वाजत राहिली. जिन्यातल्या खिडकीतून समोरच्या दुकानाचं घड्याळ दिसत होतं, बारा वाजून दहा मिनिटं. मी मनात म्हणत होते, रविवार म्हणाल्या होत्या, आज शनिवार आहे, आहे अजून वेळ. फोन एका तरुण मुलीने उचलला. मास्तरांनी स्वतःची आणि माझी ओळख सांगितली आणि विचारलं, आईंनी घड्याळ उघडलं तर नाही ना?

"तुम्हीच का ते लिहिणारे?" मुलगी म्हणाली. "मला कालच सुट्टी मिळाली, म्हणून आज सकाळीच काढलं. दवाखान्यातून आत्ता आलोय. अंगठा फाटलाय, सात टाके. डोळा वाचला कारण तिने शिवणाचा चष्मा लावला होता. दीड महिना कात्री धरायची नाही म्हणालेत."



"तिने सुरू करायच्या आधी परत एकदा फोनवर पाहिलं होतं," ती मुलगी म्हणाली. "म्हणाली, थांब गं, त्या बाईंनी आणखी काही लिहिलंय का बघते. सगळ्या जुगाराच्याच जाहिराती होत्या."

माझं "थांबा" तेव्हा तिथेच होतं. सहा पानं खाली.

मग मागून आवाज आला, दे इकडे, दे, आणि फोनवर त्या बाई आल्या. आवाज थकलेला पण मऊ. "कवळीबाई का? अहो, तुम्ही एवढं पानभर लिहिलंत, आभारही मानायचे राहिले. हिचं मनावर घेऊ नका, घाबरलीय. माझंच काहीतरी चुकलं असणार. मी दोनदा वाचून केलं हो सगळं, तुम्ही लिहिलंत तसंच, त्याच क्रमाने. कुठे चुकले ते मात्र कळत नाही."

मला रडू आलं. ते आवरून मी म्हटलं, "तुमचं काही चुकलं नाही. मी लिहिलं तसं केलंत, म्हणून लागलं. मी अर्धंच लिहिलं होतं. सगळ्यांत आधी स्प्रिंग उतरवायची असते, तेच राहिलं. चूक माझी आहे. सगळी माझी." हे वाक्य मी 'लंबक'वर कधी लिहिलेलं नाही. तिथे कुणीच लिहीत नसे. मास्तर अजून फोनवरच होते.

"माझीही आहे," ते म्हणाले. "अर्ज मी परत केला."

बाईंना राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. पण त्या म्हणाल्या, "सासऱ्यांचं घड्याळ ते. ठोक्यांवर मी शिलाईची वेळ धरते. आता उडालेली चाकं ताटात काढून ठेवलीत, एक कपाटाखाली गेलं होतं, तेही सापडलं. दुसरी ती स्प्रिंगची गुंडाळी अजून आतच आहे. तिचं काय करू सांगता का? डाव्या हाताने जमेल मला."

"नको," मी आणि मास्तर एकदमच म्हणालो.

"हात लावू नका तिला," मी म्हटलं. "लेकीलाही लावू देऊ नका. ताटावर फडकं टाका आणि पत्ता सांगा. उद्या आम्ही येतो."

"अहो, कशाला त्रास. फोनवर सांगितलंत तरी चालेल. तुम्ही सांगाल तसं करीन मी."

"तेच करायचं नाही," मी म्हटलं. "माझ्या एकटीच्या सांगण्यावर आता काही करायचं नाही. मी सांगीन, आणि मास्तर शेजारी बसून चुका काढतील. मगच हात लावायचा."

"गाव अर्जात आहे; तिकडे जाणारी पहिली गाडी सव्वासातला आहे," मास्तर म्हणाले. "चावी दोन मापांची आणा. तुमची एक ढिली असते."

माझी चावी ढिली नाही. पण मी दोन्ही पिशवीत टाकल्या.