दफनभूमीतले पिवळे हॉकबिट

मित्रांनो, मी हॉकबिट नावाचे एक जुने रानरोप आहे. इंग्लंडमधल्या सफोकच्या किनाऱ्याजवळ, चर्चमागच्या दफनभूमीत, रेताड मातीत मी मूळ रोवले. माझी पाने जमिनीला चिकटलेली, देठ उंच आणि वर पिवळे फूल. ते सकाळी उमलायचे आणि दुपारी मिटायचे. तेवढ्या वेळात फुलमाश्या येत, चिमुकले भुंगेरे येत आणि मागच्या पायांवर दाट केस असलेली रानमधमाशीही येई. माझे पराग त्या केसांत भरून ती वाटेच्या कडेला रेतीतल्या बिळात नेई. तिच्या पिल्लांचे तेच अन्न.

इथले गवत डल्सी थर्लो कापायची. तिच्या यंत्राने कितीदा माझी मान उडवली! दर वेळी मी नवा देठ काढला.

शेजारच्या थडग्यात मेरिएल कॅचपोल होती. तिचा नवरा, म्हातारा बार्नबी, रोज सकाळी चहाचा थर्मास घेऊन यायचा आणि माझ्या फुलावरच्या त्या रानमधमाशीकडे टक लावून बसायचा.

एका जुलैत चर्चला भेट द्यायला बिशप, म्हणजे मोठे धर्मगुरू, येणार होते, म्हणून सगळे गवत कापायचे होते. डल्सी यंत्र घेऊन आली. बार्नबीने आपली खुर्ची उचलून तिच्या वाटेतच मांडली.

"ऊठ रे बार्नबी! हे गवत आहे की तुझी दाढी?"

"दाढी काप हवी तर. इथं हात लावायचा नाही."

"गवतासाठी भांडतोस?"

"तिच्यासाठी. बघ, बाईनं केवढी ढगळ पिवळी विजार घातलीय!"

डल्सी वाकली. मागचे पाय परागांनी माखलेली माशी पाहून खुदकन हसली.

"बरं, दुपारपर्यंत थांबते. मग मात्र ऐकणार नाही."

दुपारी माझी फुले मिटली, तरी बार्नबी हलला नाही. शेवटी डल्सीच घरी गेली.

पुढच्या वसंतात बार्नबी वारला. त्याची कबर मेरिएलशेजारी, नेमकी माझ्या जागी खणायची होती. खणणाऱ्याने मला ढेकळासकट उपटून कचऱ्यावर फेकले. माझे निम्मे मूळ तुटले.

"अहो, ते परत लावायचंय!" डल्सी धावत आली.

"तण आहे, बाई."

"असू दे. याच्यापायी तो माणूस दिवसभर माझ्याशी भांडलाय."

माती लोटल्यावर तिने स्वतःच्या हाताने मला त्याच्या उशाशी लावले. उन्हाळा कोरडा गेला. ती पाणी घालत राहिली. पाने करपली, पण मूळ मी खाली खाली रेटत राहिले. ऑगस्टमध्ये एक देठ वर आला. फूल उमलले आणि केसाळ पायांची एक माशी त्यावर उतरली.

मित्रांनो, गवत खुशाल कापा. पण फुललेला एखादा तुकडा उन्हाळाभर तसाच राहू द्या. रेतीखाली कुणाचे तरी पिल्लू त्यावर वाढत असते.