आउकेची होडी

आमच्या फ्रीसलंडात, समुद्राच्या पातळीखालच्या मुलखात, माणूस आधी पाणी उपसायला शिकतो, मग चालायला. माझा नवरा आउके मात्र उलट्या डोक्याचा. बापाच्या वाट्याचा, समुद्र अडवणारा बांध राखायचा सोडून एके दिवशी त्याने त्यात कुदळ रोवली आणि मागे न बघता निघून आला. आमच्याकडे कुदळ रोवली की हक्क संपला. जो ती उपटेल, बांध आणि जमीन त्याची. ती माझ्या धाकट्या भावाने, गोसेने, उपटली. आउके मग सतरा वर्षं पाण्याखाली जाणारी होडी आखत, तासत बसला. गाव हसलं. मीही हसले, पण फळ्या धरायला मीच होते.

आम्ही तिघांनी बुडी मारली ती दुपार मला अजून जागेपणी दिसते. आउके सुकाणूवर, मी होडी पुढे नेणारं चाक फिरवायला, गोसे पाणी उपसायच्या पंपावर. काचेतून हिरवा उजेड झिरपत होता. सापासारखे लांब मासे डोकावून जात होते. वर कुठेतरी चर्चची घंटा वाजली, ती कानांत नाही, दातांत ऐकू आली. वाटलं, इथंच राहावं.

मग होडीचं नाक झुकलं. वजनासाठी तळात ठेवलेलं शिसं घरंगळत पुढे गेलं आणि आम्ही चिखलात रुतलो. एक सांधा गळू लागला. तिघांनी बाहेर पडायचं वरचं झाकण रेटलं, पण बाहेरच्या पाण्याने ते दाबून धरलं होतं.

गोसे पंपाला भिडला. "दाजी, बघत काय बसलात? उपसा की!"

आउकेचा हात बाहेरचं पाणी आत सोडणाऱ्या तोटीवर होता. "पाणी आत घ्यायला हवं," तो पुटपुटला. "आतली हवा दाबली जाऊन बाहेरच्या पाण्याइतकी जोरकस झाली, की झाकण उघडेल."

"ताई, यांना वेड लागलंय! बुडत्या होडीत पाणी घेतं का कुणी?"

"मग उघड ना तोटी," मी आउकेला म्हणाले.

त्याने उघडली नाही. तेव्हा मला उमगलं. भरलेली होडी या चिखलातून पुन्हा निघणार नव्हती. म्हणून गोसेचं उपसणं त्याला हवंच होतं. तासभर त्याने ते चालू दिलं. हवा संपत आली तशी आतली मेणबत्ती मंदावली. मला त्याचा संताप आला, आणि कीवही आली.

"सतरा वर्षं तुझी गेली, तशी माझीही गेली," मी म्हणाले. "पण हा माझा भाऊ आहे, आउके."

गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा त्याने फळीवरून हात फिरवला आणि तोटी उघडली. मी गोसेचे दोन्ही हात घट्ट धरले; तो शिव्या देत रडत होता. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, हनुवटीला लागलं. मग झाकण आपसूक उचललं गेलं आणि हवेने आम्हाला वर फेकलं.

वर कोळ्यांनी आपली होडी जवळ आणली तरी आउके तिला हात लावेना. पाण्यातच गरगर वळत तो आम्हा दोघांकडे बोट करून मोजत होता. "रिंस्के. गोसे. आणि तिसरं? आपण तिघं होतो. तिसरं कोण राहिलं खाली?"

"अरे, तू!" मी ओरडले. "तिसरा तू!"

आपणही वर आलो, हे त्याला पटायला पुढे बरीच वर्षं लागली.