भिंतीपलीकडचा हातोडा

जीपचं पुढचं डावं चाक करकरायला लागलं, तेव्हा थोरलीला खरं तर बरंच वाटलं. माहेरी जायला निमित्त मिळालं. बाबांसाठी खाऊ नेण्यापेक्षा बिघडलेली गाडी नेली, तर ते जास्त खूश होत. डोंगरातल्या वस्त्यांवरून दूध गोळा करायचं तिचं काम. ही जुनी, चारही चाकांनी ओढणारी गाडी बंद पडली की दूध वस्तीवरच नासायचं.

पण घराला लागूनच असलेल्या बाबांच्या गाडीदुरुस्तीच्या शेडच्या दारात गाडी उभी केली आणि तिचा पारा चढला. बाबांच्या शेजारच्या स्टुलावर भावजय बसली होती. हात कोपरापर्यंत काळे, गालावर ग्रीसचा फराटा, आणि बाबा म्हणत होते, "शाब्बास! हात आहेत की मशीन?"

भावाला ग्रीसच्या वासानं शिंका यायच्या, म्हणून तो कापडाच्या दुकानात चिकटला होता. बाबांचे हात थरथरायला लागले तशी सूनच आपणहून शेडमध्ये उतरली आणि बघता बघता तयार झाली. म्हाताऱ्यानं नशीब काढलं, असं सगळे म्हणत. थोरलीही तोंडदेखलं म्हणायची आणि आतून जळायची. लहानपणी ती नुसती या उंबऱ्यावर उभी राहिली तरी बाबा हाकलून लावत. "आत जा. हात काळे झाले तर कोण करून घेईल तुला?" आत म्हणजे भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघरात. लग्न होईपर्यंत तिनं तिथं भांडी घासली आणि पलीकडचा हातोडा ऐकला. बाबांनी सुनेच्या अंगावर सोनं घातलं असतं, तर थोरलीनंच कौतुकानं ते चार जणींना दाखवलं असतं. पण ते स्टूल?

"या ताई," भावजय उठत म्हणाली. "हबच असणार. उतरवूया."

चाक उतरलं. चाक ज्याच्यावर बसतं त्या हबचे बोल्ट कुरकुरत का होईना, निघाले. नट निघाला, बेरिंग निघालं, हब हातात आला. त्याच्यामागे मात्र सगळं अडलं. हब ज्याच्यावर फिरतो त्या पोकळ दांड्याला बाबा खुंट म्हणत. तो निघाल्याशिवाय आतला अॅक्सल बाहेर येत नाही, आणि हा खुंट तर गंजून जागच्या जागी चिकटून बसला होता. भावजयीनं तेल सोडलं, पाना अडकवून जोर लावला. खुंट ढिम्म.

"हातोडाच लागणार," बाबा म्हणाले.

"मी मारते," थोरली म्हणाली आणि कुणी हो म्हणायच्या आत तिनं हातोडा उचललासुद्धा. गाडी माझी, बाप माझा, एक घाव तर मला घालू दे, असं तिला झालं होतं. तिनं हातोडा डोक्यावर नेला.

"ताई, थांबा!" भावजयीनं तिचं मनगट धरलं. "आधी नट! उघड्या आट्यांवर मारलं तर आटे जातील, मग परत काहीच बसायचं नाही." तिनं खिशातून ठोकून ठोकून कडा फुललेला एक जुना नट काढला आणि खुंटाच्या टोकावर फिरवून बसवला.

बाबा हसले. "तिला काय ठाऊक? ती कधी शेडमध्ये आलीच नाही."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आले नाही? येऊ दिलंत का तुम्ही?"

बाबांनी कानाला हात लावला. इतकी वर्षं हातोडे ऐकून त्यांचे कान केव्हाच कामातून गेले होते. "काय म्हणतेय?"

"काही नाही," ती म्हणाली आणि हातोडा जमिनीवर टाकून तरातरा स्वयंपाकघरात निघून गेली. तिथं जाऊन धुतलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतली.

पलीकडं भावजय घाव घालू लागली. ठण्. ठण्. ठण्. मारतेय तर छानच, थोरलीनं मनातल्या मनात कबूल केलं, आणि त्याचाही तिला राग आला. एक पातेलं घासून झालं, दुसरं झालं. ठण्. ठण्. ठप्.

तिचा हात थांबला. पुन्हा ठप्.

"सुटला!" ती भिंतीकडं तोंड करून ओरडली. "मारू नकोस आता, आतलं बेरिंग जाईल! फिरव त्याला!"

पलीकडचा हातोडा थांबला. मग पाना लागल्याचा आवाज, एक लांब करकर, आणि भावजयीची आरोळी, "आला! बाबा, आला!"

बाबा स्वयंपाकघराच्या दारात आले ते जरा धापा टाकतच. "मला दिसलं नाही, हिला कळलं नाही, आणि तुला इथं बसून कसं कळलं?"

"इथं बसूनच," थोरली त्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाली. "चिकटलेलं ठण् वाजतं, सुटलेलं ठप्. सुटलं की तुम्ही 'बेरिंग जाईल' म्हणत हातोडा ठेवून द्यायचात. याच भिंतीतून ऐकलंय सगळं. नट बसवताना आवाज होत नाही, म्हणून तेवढं राहिलं."

बाबांनी भिंतीकडं पाहिलं, मग घासलेल्या पातेल्यांकडं.

"उजवं चाकही उघडायला लागेल," शेवटी ते म्हणाले. "चल."

शेडमध्ये त्यांनी तो कडा फुललेला नट भावजयीच्या हातून घेतला आणि थोरलीच्या तळहातावर ठेवला. तिला रिकामं स्टूल दाखवलं. मग सुनेकडं वळून अगदी सहज म्हणाले, "तू जरा आत जा. चहा टाक आमच्यासाठी."

भावजय चिंधीला हात पुसत राहिली. एकेक बोट, सावकाश. दिवसभर थोरलीला हेच हवं होतं, आणि समोर आलं तेव्हा आधी तिला आनंदच झाला. मग तिनं भावजयीचा चेहरा पाहिला. उंबऱ्यावरून हाकललेल्या पोरीचा तो चेहरा तिच्या ओळखीचा होता.

"ती कुठं जात नाही," थोरली म्हणाली. "हब कोण उतरवणार? बाबा, चहा तुम्ही टाका."

"मी?"

"तुम्ही."

बाबा दोघींकडं बघत राहिले, मग पुटपुटत आत गेले. थोरलीनं दुसरं स्टूल पायानं ओढून भावजयीकडं सरकवलं. उजवा हब उतरला, तेवढ्यात भिंतीपलीकडं एक झाकण पडलं. मग दुसरं. मग बाबांची हाक आली, "अगं, साखर कुठंय?"

थोरलीनं उजव्या खुंटावर नट फिरवून बसवला. उठलं कुणीच नाही.