एका दिवसाने हरवलेला लघुग्रह

मी एक जुनी काच आहे, वेधशाळेतली. माझ्या एका अंगावर चांदीच्या क्षारांचा पातळ थर आहे आणि त्यावर एका रात्रीचं आकाश कायमचं उमटलेलं आहे. मित्रांनो, माझ्यावर तारे काळे दिसतात आणि आकाश पांढरं. उलटा कारभार आहे खरा, पण आम्हा काचांची रीतच तशी.

उभ्या आयुष्यात मी काम केलं ते फक्त तासभर. मध्यरात्र उलटल्यावर मला दुर्बिणीत बसवलं. दुर्बीण ताऱ्यांच्या चालीने सरकत होती, म्हणून ताऱ्यांचे ठिपके उमटले. एक जण मात्र आपल्याच चालीने चालला होता. त्याने माझ्यावर तिळाएवढी रेघ ओढली. तो होता लघुग्रह, मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात सूर्याभोवती फिरणारा एक दगड, तोवर कुणीही न पाहिलेला. माझ्या आधी आणि माझ्या नंतर आणखी दोन काचांवर तो सापडला, आणि आम्ही तिघी बहिणी एकदम लाडक्या झालो.

आम्हाला मोजायचं काम बाईंकडे आलं. मोजणीच्या खोलीत त्यांना सगळे नुसतं 'बाई'च म्हणत. त्यांचा हात इतका हलका, की मोजणीयंत्रावर आपल्याला कधी ठेवलं हे काचेलाही कळू नये. माझ्या रेघेभोवती त्यांनी शाईने बारीक वर्तुळ काढलं आणि तिची जागा वहीत लिहिली. मोजणी अगदी अचूक होती. घोटाळा झाला तो तारखेत.

आमच्या वेधशाळेत रात्र संपेपर्यंत तारीख बदलत नसे. संध्याकाळी चौदा असली, तर पहाटेच्या काचेच्या पाकिटावरही निरीक्षक चौदाच लिहायचे. मोजणाऱ्याने मग मध्यरात्रीनंतरच्या काचेला एक दिवस वाढवून घ्यायचा. पण त्या रात्री नेहमीचे निरीक्षक तापाने पडले होते. त्यांच्या जागी आलेल्या माणसाने घड्याळात बारा वाजून गेलेले पाहिले आणि सरळ पंधरा लिहिलं. बाईंनी रिवाजाप्रमाणे त्यात एक मिळवला. वहीत लागली सोळा. मी बघत होते, पण काचेला तोंड कुठे असतं?

तिघींच्या मोजणीवरून लघुग्रहाची कक्षा काढली गेली. पंधरा-सोळा महिन्यांनी तो पुन्हा दिसायला हवा होता. ठरल्या जागी दुर्बीण लावली, तर तिथे काहीच नाही! आठवडाभर शोधलं, महिनाभर शोधलं. वेधशाळेचे साहेब म्हणाले, "ती रेघ नव्हतीच. ओरखडा मोजला बाईंनी."

"माझी मोजणी बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "गणितं तपासा."

"नाचता येईना, अंगण वाकडं," मागून कुणीतरी पुटपुटलं. ते बाईंना ऐकू गेलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांना पत्रांच्या टेबलावर बसवलं. निवृत्त होईपर्यंत त्यांनी पुन्हा काचेला हात लावला नाही.

अशी अकरा वर्षं गेली. मग एके दिवशी सकाळीच आम्हाला कपाटातून काढून तळमजल्यावर नेलं. जुन्या काचा धुऊन विकायच्या आणि कपाटं मोकळी करायची, असा हुकूम निघाला होता. कोठीवाले काका गरम पाण्याच्या टबात सोडा टाकून बसले होते. काच बुडवायची, थर फुगला की लाकडी पट्टीने खरवडायचा. दोन मिनिटांत एका रात्रीचं आकाश गाळ होऊन तळाशी बसे. माझ्या दोन्ही बहिणी माझ्या डोळ्यांदेखत पाण्यात गेल्या. ढिगात माझ्यावर आता तीनच काचा उरल्या होत्या.

तेवढ्यात दारात बाई आल्या. सोबत त्यांची लेक होती. ती वेधशाळेतच गणिताच्या विभागात होती आणि धुण्याची बातमी तिनेच घरी नेली होती.

"काका, जरा थांबा. आईला तिची एक काच बघायचीय."

"अकरा वर्षांनी आठवण झाली होय? हे म्हणजे वरातीमागून घोडं," काका म्हणाले. त्यांचा हात काही थांबला नाही. "पाकिटं मघाशीच फेकली, ताई. आता ओळखणार कशी?"

"माझं वर्तुळ मी ओळखेन," बाई म्हणाल्या आणि ढिगापाशी बसल्या. पण त्यांनी सुरुवात केली ती तळापासून! बाई खालून एकेक काच उजेडात धरत होत्या, काका वरून एकेक उचलत होते. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे एका काचेला बाईंना चांगला वेळ लागत होता. माझा जीव टांगणीला लागला. काकांनी मला उचललं. माझा एक कोपरा पाण्यात गेला, थर सुटायला लागला.

"काका, नको! वर्तुळ आहे तिच्यावर!" लेक ओरडली.

लेकीने मला पुसून खिडकीशी नेलं आणि भिंग लावलं. "आई, तुझी रेघ आहे इथे. ओरखडा नाही." बाईंनी डोळे मिटले. "आणि आई, या कोरड्या कोपऱ्यात आणखी एक रेघ आहे."

ती रेघ दुसऱ्या एका लघुग्रहाची होती. अकरा वर्षांत तिच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं, काखेत कळसा आणि गावाला वळसा! तो लघुग्रह ओळखीचा होता आणि त्याची रोजची जागा तक्त्यात छापलेली होती. लेक तक्ता बघायला वर धावली. बाई मला मांडीवर घेऊन स्टुलावर बसून राहिल्या. काकांनीही पट्टी बाजूला ठेवली.

लेक परत आली ती सावकाश. "आई, सोळाला तो बोटाच्या पेरभर पुढे असायला हवा. इथे आहे तो पंधराच्या पहाटे."

बाईंनी बोटांवर तारखा मोजल्या. मग म्हणाल्या, "पाकिटावर पंधराच होतं. एक मीच मिळवला."

"तुझं काय चुकलं? रीतच होती ती. आपण गुपचूप तारीख सुधारून देऊ. कुणाला कशाला सांगायचं?"

"पाकिटावर लिहिणाऱ्याने खरी तारीख लिहिली होती, मी ती खोटी केली," बाई म्हणाल्या. "अकरा वर्षं सगळ्यांना सांगत आले, मी चुकले नाही म्हणून. हे झाकलं, तर उद्या आणखी कुणीतरी असाच एक मिळवेल. कागद दे." आणि त्यांनी तिथेच, टबाशेजारी बसून, आपली चूक लिहून खाली सही केली.

नव्या तारखेने नवी कक्षा निघाली. सूर्यापासूनचं अंतर पृथ्वीच्या सुमारे पावणेतीनपट, आणि एका फेरीला साडेचार वर्षं. आकाशाची एक चिंचोळी पट्टी तीन आठवडे धुंडाळल्यावर तो सापडला. वीसेक किलोमीटर लांबीचा, कोळशासारखा काळा, बटाट्यासारखा ओबडधोबड. सात तासांत तो स्वतःभोवती एक गिरकी घेतो. हरवला होता तो आपल्या हिशेबी. तो बिचारा आपल्या वाटेनेच चालला होता.

मित्रांनो, जुन्या वस्तू टाकू नका असं मी म्हणणार नाही. जागा सगळ्यांनाच लागते. पण टाकण्याआधी त्या एकदा उजेडात धरा आणि चारही कोपरे बघा. त्या सकाळी माझ्या आधी सदतीस काचा धुतल्या गेल्या. त्यांच्या कोपऱ्यांत काय होतं, हे आता कुणालाच कळणार नाही.