वर राहिलेली दांडी

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे. 'जुना' हा शब्द ऐकून चेहरा पाडू नका. चौदा वर्षे मी उभ्याने काम केले आहे, आणि माझ्याविषयी बोलताना कोणाच्या आवाजात कीव आलेली मला खपत नाही. सरळ बसा आणि ऐका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्र्याचे अंग, आत फोमचा जाड थर, पाठीला नळ्यांची जाळी. माझ्या वरच्या कप्प्याच्या डाव्या कोपऱ्यात बर्फ करणारे एक लहान यंत्र बसवले गेले. त्याचा मला आजही अभिमान आहे. नळाचे पाणी बारीक नळीतून त्यात येते, गोठते, आणि बर्फाचे खडे आपोआप खालच्या पेटीत पडतात. या यंत्राला तारेची एक दांडी असते. पेटी भरली की खडे तिला वर उचलतात आणि यंत्र थांबते. कोणी ती हाताने वर अडकवली, तर पुन्हा खाली करेपर्यंत बर्फाचा एक खडाही पडत नाही. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचे सगळे याच दांडीमुळे घडले.

मिरा रोडच्या शांती नगरमधल्या एका दुकानातून मला टेम्पोने भाईंदरजवळच्या उत्तन गावी आणले, ॲलिसबाईंच्या घरी. ॲलिसबाई विधवा. तीस वर्षे त्यांनी भाईंदरच्या बाजारात बसून मासळी विकली आणि एकुलत्या मेल्विनला शिकवून बँकेत लावले. घरात त्यांचा शब्द शेवटचा असे. माझी काळजीही त्यांनी तशीच घेतली, हुकूम सोडल्यासारखी. मी भिंतीपासून वीतभर पुढेच उभा असला पाहिजे. माझ्या पाठीवरची धूळ वर्षातून दोनदा ब्रशने निघाली पाहिजे. पाण्याची गाळणी सहा महिन्यांनी बदलली पाहिजे, कारण टँकरच्या पाण्यात काय येईल याचा नेम नाही. गरम पातेले आत ठेवण्याची तर कोणाची छाती नव्हती.

त्यांची एक गोष्ट घरात कोणालाच ठाऊक नव्हती. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी चर्चमधून आल्या की त्या माझे वरचे दार उघडत आणि ती दांडी वर अडकवत. गुड फ्रायडेला चर्चची घंटासुद्धा मुकी असते. मग घरात प्रार्थना चालू असताना माझा बर्फ खडखडत पडावा, हे त्यांना पटत नसे. ईस्टरच्या सकाळी त्या दांडी खाली करत. तेरा वर्षे हे बिनचूक चालले.

तीन वर्षांपूर्वी मेल्विनची बायको स्टेफनी हिने घरातून ताज्या मासळीचे डबे पाठवायला सुरुवात केली. मासळी साफ करायची, डब्यात भरायची, सभोवती माझा बर्फ घालायचा आणि डबे मिरा रोडच्या पूनम सागर वसाहतीपर्यंत रवाना करायचे. धक्क्यावर बर्फाच्या लाद्या मिळतात, परंतु त्या बोटींसाठी असतात. लोकांच्या घरात जाणाऱ्या डब्यात पिण्याच्या पाण्याचाच बर्फ हवा, असा स्टेफनीचा नियम होता. मला ती मुलगी आवडे. ॲलिसबाईंनाही आवडत असावी. तसे त्या कधी बोलल्या नाहीत.

यंदा ईस्टरच्या सकाळी पाहुणे लवकर आले. ॲलिसबाई त्यांच्या सरबराईत गुंतल्या आणि दांडी वरच राहिली. पेटीत आधीचा बर्फ होता, तो मंगळवारपर्यंत पुरला. बुधवारी डबे तळाशी उरलेल्या चार खड्यांवर गेले आणि पेटी कोरडी पडली. गुरुवारी पूनम सागरच्या राजश्रीताईंचा डबा परत आला. पापलेटाला वास येत होता.

स्टेफनीने बंटी मेकॅनिकला बोलावले. त्याने पाण्याचा कॉक पाहिला, गाळणी पाहिली, पाठीवरची जाळी पाहिली. वरच्या कप्प्यात मात्र सुरमईची पाकिटे छतापर्यंत रचलेली होती. त्यामागचा कोपरा पाहण्याची तसदी त्याने घेतली नाही.

"बाकी सगळं ओके आहे, मॅडम. आइस मेकर गेलाय. याचा पार्ट आता मिळत नाय."

"मग?" स्टेफनीने विचारले.

"एक्स्चेंजमध्ये देऊन टाका. शनिवारी टेम्पो पाठवतो. चौदा साल चालला, और क्या चाहिए?"

ॲलिसबाई दारात उभ्या होत्या. "तुझं वय काय रे?"

"बेचाळीस."

"मग तुला पन कोनी देऊन टाकला न्हाय अजून."

बंटी हसला आणि पिशवी उचलून गेला. ॲलिसबाई मात्र हसल्या नाहीत. त्या सुनेकडे वळल्या.

"दिवसातनं शंभर वेळा दार उघडतेस. बोंबलापासून सुरमईपर्यंत कोंबतेस. त्याला श्वास घ्यायला जागा हाय का?"

"आई, मी उद्यापासून कमी ठेवते."

"उद्यापासून काय न्हायच ठेवायचं. नवीन फ्रीज आला की तो घरचा. त्यातनं धंदा न्हाय चालायचा."

मेल्विन चपला घालून बाहेर निघून गेला. स्टेफनी फोन घेऊन बसली आणि एकेका गिऱ्हाइकाला कळवू लागली की डबे बंद होत आहेत. मला बोलता येत असते तर, मित्रांनो, मी त्या दिवशी बोललो असतो.

शुक्रवारी दुपारी मला रिकामे करायला ॲलिसबाई स्वतः आल्या. दुसऱ्याच्या हातावर त्यांचा भरवसा नव्हता. एकेक पाकीट निघाले, कोपरा मोकळा झाला, आणि दांडी त्यांच्या डोळ्यांसमोर आली. वर अडकलेली.

त्यांचा हात तिथेच थांबला. माझी थंडी त्यांच्या तोंडावर येत होती, तरी त्या हलल्या नाहीत. मग त्यांनी दांडीला बोट लावले. ती खाली केली असती, तर रात्रीपर्यंत बर्फ पडला असता आणि फ्रीज आपोआप सुधारला असे सगळ्यांनी मानले असते. दोष स्टेफनीच्या माथी राहिला असता. पाहणारा मी एकटाच होतो. त्यांनी बोट मागे घेतले, दार लावले आणि त्या ओट्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. विसरल्याची त्यांना भीती वाटली असावी. ज्यांनी आयुष्यभर इतरांना आठवण करून दिली, त्यांना स्वतःचे विसरणे फार जड जाते.

थोड्या वेळाने त्यांनी हाक मारली. "स्टेफनी, इकडं ये. हात पुसून ये."

स्टेफनी आली. ॲलिसबाईंनी माझे दार उघडले.

"ही दांडी बघ. वर हाय ना? ती वर असली की बर्फ न्हाय पडत."

"कोणी केली वर?"

"मी. ईस्टरच्या आदल्या गुरुवारी. दरवर्षी करते. यंदा खाली करायची ऱ्हायली."

स्टेफनीने वाकून दांडी नीट पाहिली. "दरवर्षी? मला वाटायचं, गुड फ्रायडेला आपला फ्रीजपण उपास करतो."

"हसू नको. मी तुला नको ते बोलले."

"असू दे, आई."

"असू दे कसा? रात्री मेल्विनसमोर बोलते. आता तू तुझ्या हातानं खाली कर. हळू. जोर लावायचा न्हाय."

स्टेफनीने दांडी खाली केली. नळीतून पाणी आल्याचा आवाज दोघींनी दार लावून, कान देऊन ऐकला. मग ॲलिसबाईंनी तिला पाण्याचा कॉक कुठे आहे, गाळणी कशी निघते, ती बदलल्यावर पहिला बर्फ का टाकून द्यायचा, आणि पाकिटे कोपऱ्यापासून दूर कशी रचायची, हे सगळे सांगितले. चौदा वर्षांत त्यांनी हे कोणालाच सांगितले नव्हते. टेम्पो नको म्हणून बंटीला फोनही त्यांनीच केला.

रात्री जेवताना त्यांनी मेल्विनला सगळे सांगितले. तो घाईघाईने म्हणाला, "जाऊ दे ना आई, चुकून झालं असेल."

"चुकून न्हाय," त्या म्हणाल्या. "मी विसरले. आनि राजश्रीला फोन मी करनार. तिला सांगनार, डबे परत चालू हायेत, आनि वास आला त्यात स्टेफनीचा काय दोष न्हाय."

एवढे बोलून त्यांनी भाकरी मोडली. त्याच वेळी माझ्या पेटीत पहिले खडे पडले. कोणी दचकले नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू बंद पडली की तिला लगेच दाराबाहेर काढू नका. आधी कोपरे पाहा, धूळ झाडा, पाणी येते का ते पाहा. वस्तू बोलत नाहीत, म्हणून दोष जवळच्या माणसावर ढकलणे सोपे जाते. तो मोह आवरा. आणि तुम्ही एखाद्या वस्तूची काळजी घेत असाल, तर ती कशी घेता हे घरातल्या आणखी एकाला शिकवून ठेवा. एकट्याच्या डोक्यात राहिलेली काळजी त्या डोक्याबरोबर थकते.

माझे सांगून झाले. आता दार लावा. आपटू नका, पण रबर चिकटल्याशिवाय हात काढू नका.